कोंबडीला ताप किती?

कारखान्यात आलेला माल तपासायचा आणि त्याच्यावर 'पास' नाहीतर 'नापास' असा शिक्का मारायचा, हे आमच्या ह्यांचं काम. एकतीस वर्षं केलं. त्या एकतीस वर्षांत घरासाठी म्हणून ह्यांनी एकच वस्तू पास केली, ती म्हणजे कोंबडीला टोचायचा थर्मामीटर. मला धरून एकच. मी शेवटपर्यंत तपासणीतच होते.

आता आठवण निघाली ती नातीमुळे. तिला गच्चीवर मैत्रिणींसाठी बार्बेक्यू करायचाय, म्हणून परवा तिने फोनवर बोट फिरवून थर्मामीटर मागवला. माझा चहा गार व्हायच्या आत. मी विचारलं, "अगं, तिसऱ्या मजल्यावरून टाकून बघितलास का?" ती म्हणाली, "आजी, थर्मामीटर कोण वरून टाकतं?"

कोण टाकतं! बस खाली, म्हटलं. सांगते. ह्यातलं अर्धं अगदी खरं आहे. कुठलं अर्धं ते मात्र विचारायचं नाही.

तर आमची लेक दहा वर्षांची झाली तेव्हा ह्यांनी इमारतीच्या मागच्या अंगणात कोंबडी भाजली होती. बाहेरून काळी, आतून गुलाबी. बाकीच्या मुलांनी शहाणपणाने केकवर भागवलं. आमच्या लेकीने मात्र बाबांनी केलंय म्हणून दोन तुकडे खाल्ले आणि दोन दिवस दवाखान्यात सलाईन लावून पडली. पोर एका शब्दाने बोलली नाही. पण तेव्हापासून कुणाच्याही घरी, कुठल्याही ताटात मांसाचा तुकडा आला की ती आधी तो सुरीने मधोमध चिरायची, आत डोकावून बघायची आणि मगच खायची. तिच्या ते लक्षातही नसायचं. ह्यांच्या असायचं. ती सुरी उचलायची आणि ह्यांचा घास हातातल्या हातात थांबायचा. पंधरा वर्षं हे चाललं.

मग तिला नोकरी लागली. जहाजावर. समुद्राच्या तळाची खोली मोजायची, तीन वर्षं. दोन महिन्यांनी, एका सोमवारी निघायचं होतं. पत्र वाचून झाल्यावर हे म्हणाले, "आदल्या रविवारी मी कोंबडी भाजणार."

"कशाला हो? पोरगी धडधाकट जाऊ दे की."

"तिने न चिरता खाल्ली पाहिजे. माझ्या हातची."

"मग तिला तसं सांगू या. म्हणावं, चिरू नकोस."

"सांगून खाल्ली तर ती भीड झाली," हे म्हणाले. "तिला वाटलं पाहिजे की चिरायची गरज नाही."

"आणि ते कसं वाटणार?"

"थर्मामीटरने," हे म्हणाले. "आत चौऱ्याहत्तर अंश झाले की कोंबडी शिजली. मी वाचलंय."

आता बघा, एवढं साधं काम. पण साध्या कामाला आमच्या घरात कधी जागा मिळाली नाही.

पहिल्या सरावाला ह्यांनी औषधाच्या डब्यातला काचेचा थर्मामीटर घेतला, आपण तापात तोंडात धरतो तो. त्या बिचाऱ्याला बेचाळीसच्या पुढे मोजायची सवय नाही. कोंबडीत जाऊन तो फटकन फुटला. शेजारचे मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे, ते धावत आले आणि म्हणाले, "पारा! कुणी हात लावू नका!" अख्खी कोंबडी, जाळीसकट, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बंद करून मास्तरांच्या प्रयोगशाळेत जमा झाली. मास्तर पुढे कितीतरी वर्षं मुलांना तो डबा दाखवून पाऱ्याचा धडा शिकवत. हे त्या शाळेवरून जायचे तेव्हा रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

दुसरा आणला तो घड्याळासारख्या तबकडीचा. त्याच्या काचेच्या आत वाफ शिरली आणि काटा चाळिसावर बसला तो बसलाच. केकच्या भट्टीत चाळीस, फ्रीजमध्ये चाळीस, उशीखाली चाळीस. मास्तर म्हणाले, "साहेब, थर्मामीटर स्थितप्रज्ञ आहे."

हे हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढली, टेबलाशी बसले आणि कारखान्यात लिहीत तशी मागणीची अकरा कलमं लिहून काढली. वस्तू टिकाऊ असावी. सळई गंजू नये. आकडा धुरातून दिसावा. ते सगळं ठीक. पण कलम सात वाचून माझं डोकं फिरलं. त्यात लिहिलं होतं, 'सदर थर्मामीटर पडल्यास, भिजल्यास, भाजल्यास अथवा गृहिणीच्या हाती लागल्यास बंद पडू नये.'

"गृहिणीच्या हाती लागल्यास?" मी विचारलं. "म्हणजे मी आग आणि पाण्याच्या रांगेत का?"

"त्यांच्यानंतर लिहिलंय," हे म्हणाले.

मी दोन दिवस बोलले नाही. ह्यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

वजनकाट्यांच्या दुकानातून ह्यांनी चार नमुने आणले. पाचवा एका कॅटलॉगात सापडला. लांब पोलादी सळई, जाड रबरी मूठ, चौकोनी पडद्यावर आकडा. तो पार्सलने यायचा होता. आला, आणि पार्सल ऑफिसात अडकला. हे सोडवायला गेले. खिडकीतल्या कारकुनाशी काय बोलणं झालं ते ह्यांनी घरी आल्यावर मला शब्दन् शब्द सांगितलं, रागाने सांगितलं, म्हणून मला पाठ आहे.

"आत काय आहे?" कारकुनाने विचारलं.

"थर्मामीटर."

"वैद्यकीय उपकरण. फॉर्म नऊ भरावा लागेल. रुग्णाचं नाव?"

"रुग्ण नाहीये. कोंबडी आहे."

"कोंबडीला काय झालंय?"

"काही नाही. मेलेली आहे."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग आता ताप बघून काय उपयोग, साहेब?"

दुसरा कुणी असता तर स्वतःचं नाव घालून मोकळा झाला असता. पण ह्यांनी फॉर्ममध्ये कधी खोटं लिहिलं नव्हतं. कारकून म्हणाला, जनावरांच्या डॉक्टरचं पत्र आणा. हे गेले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मी जिवंत असेपर्यंतचंच लिहितो." तिसऱ्या खेपेला मी बरोबर गेले आणि ह्यांच्या हातातून फॉर्म काढून घेतला. रुग्णाचं नाव: कोंबडी. वय: पाच महिने. प्रकृती: चिंताजनक. अर्जदाराचं रुग्णाशी नातं: जेवणापुरतं. कारकुनाने न वाचता शिक्का मारला. सगळे रकाने भरलेले होते ना, त्याला तेवढंच हवं होतं.

बसमध्ये हे घुश्शात. "खोटं लिहिलंस."

"कुठलं खोटं?"

दोन थांबे गेले. ह्यांनी मनातल्या मनात सगळा फॉर्म तपासला. मग म्हणाले, "वय. पाच महिने कशावरून?"

असे होते हे. जाऊन नऊ वर्षं झाली, अजून मी कुठलाही फॉर्म भरताना वयाच्या रकान्याशी थांबते.

मग सुरू झाल्या चाचण्या. आधी उकळतं पाणी. पाच थर्मामीटर एका पातेल्यात. चार म्हणाले अठ्ठ्याण्णव, एक म्हणाला शंभर. ह्यांनी चौघांवर नापासचा शिक्का उचलला तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांबा, साहेब! आपली वस्ती उंचावर आहे. इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. खोटं बोलतोय तो शंभरवाला."

"मास्तर, पाणी माझ्या घरातलं आहे. गॅस माझा आहे. ते शंभरालाच उकळलं पाहिजे."

"अहो, पाण्याला काय माहीत ते कुणाच्या घरात आहे!"

हा वाद चार दिवस चालला. घरातलं सगळं पाणी उकळून उकळून संपायचं. आंघोळीला मात्र गार. शेवटी मास्तरांनी शाळेतून हवेचा दाब मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा कुठे शंभरवाला बाद झाला. निकाल लागल्यावर ह्यांनी मास्तरांशी हात मिळवला. हरल्यावर हात मिळवायची ह्यांची पद्धत होती. जिंकल्यावर नाही मिळवायचे, म्हणायचे, समोरच्याला वाईट वाटतं.

मग जळत्या कोळशाजवळची चाचणी. त्यात एकाची मूठ मेणासारखी वाकली. साबणाच्या पाण्यात एक रात्रभर ठेवला, तो सकाळी पडद्यावर आकड्यांऐवजी बुडबुडे दाखवायला लागला. राहिले दोन. त्यांची पडण्याची चाचणी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आमच्या खाली दुसऱ्यावर दातांचे डॉक्टर. ह्यांनी गॅलरीतून पहिला सोडला, तो फरशीवर पडून त्याची दोन-अडीचशे शकलं झाली. माझ्या हिशेबाने पाचशे. दुसरा, तो पार्सलवाला, सोडला आणि खालून आवाजच आला नाही. आम्ही वाकून बघतो तर डॉक्टर त्यांच्या गॅलरीत गुलाबाच्या कुंडीकडे बघत उभे. सळई मातीत उभी रुतलेली.

"साहेब," डॉक्टर वर मान करून म्हणाले, "कुंडीला एकवीस आहे. काळजीचं कारण नाही."

तो थर्मामीटर ह्यांनी असा काही वर आणला, जणू पोरगा परदेशातून पदवी घेऊन आलाय. डॉक्टरही मागोमाग आले, सल्ला द्यायला. "टोचताना मुळापर्यंत जायचं, पण हाडाला लावायचं नाही. हाड तापतं आणि आकडा फसवा येतो. हात हलका ठेवा. आणि तिला आधी सांगा, थोडंसं दुखेल."

"मेलेली असते हो," मी म्हटलं.

"सवय," डॉक्टर म्हणाले.

इथवर तुम्हाला वाटेल, झालं, मिळाला थर्मामीटर, भाजा आता कोंबडी. नाही. कारखान्याचा नियम असा की पास झालेला नमुना वापरायचा नाही. तो मंजूर नमुना. त्याला तपकिरी कागदात गुंडाळायचं, लाखेची मोहोर करायची, कुलपात ठेवायचं. मग हुबेहूब तसाच माल मागवायचा आणि त्या नमुन्याशी ताडून बघायचा. ह्यांनी तसंच केलं. स्वयंपाकघरात लाख वितळवली. काय वास सुटला होता तो! गरम, गोडसर, थोडा सरकारी. पितळी मोहोर दाबली, पाकीट लोखंडी कपाटात ठेवलं आणि कॅटलॉगवाल्यांना आणखी एकासाठी पत्र टाकलं.

शुक्रवारी उत्तर आलं. तो नमुना बनवणं बंद झालं आहे. कळावे.

"बरं झालं," मी म्हटलं. "तोच वापरा."

"दोन साक्षीदारांसमोर मोहोर फोडावी लागेल," हे गंभीरपणे म्हणाले. "रविवारी मास्तर आणि डॉक्टर येतीलच." आणि दुपारचे जरा आडवे झाले.

आता माझा गुन्हा सांगते. लेकीबरोबर द्यायला मला केक करायचा होता. आमच्या भट्टीच्या बटणावरचे आकडे घासून घासून गेलेले, माझा केक मधोमध नेहमी खचायचा, आणि इमारतीत त्याला 'विहीर' म्हणायचे. समोर कपाटात एवढा मोठा पास झालेला थर्मामीटर आणि डोक्यात कलम सात. कपाटाची किल्ली कुठे असते हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत. मी पाकीट फोडलं. केक भट्टीत, सळई केकात. आकडा हळूहळू चढत अठ्ठ्याण्णववर गेला, मी केक काढला. असा फुगलेला, सपाट, देखणा केक मी जन्मात केला नव्हता. थर्मामीटर धुतला, पुसला, कागदात गुंडाळला. लाख ह्यांच्या कपाटातच होती, पण मोहोर ह्यांच्या खिशात. मग मी माझ्या जुन्या कोटाचं बटण लाखेवर दाबलं. लांबून अगदी तसंच दिसत होतं. फारच लांबून.

रविवार उजाडला. अंगणात अर्धं पिंप उभं कापून केलेली शेगडी, कोळसे लालबुंद, खुर्च्या आपापल्या घरून आणलेल्या. आता त्या अंगणात गाड्या उभ्या असतात, पण मी डोळे मिटले की मला अजून तिथे त्या वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्याच दिसतात. लेक पायरीवर बसून मास्तरांना समुद्राचा तळ समजावत होती. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यावर ॲप्रन, कानावर पेन्सिल. कोंबडी शेगडीवर चढली. चरचर सुरू झाली. अर्ध्या तासाने हे म्हणाले, "साक्षीदारांनी पुढे यावं."

मास्तर आणि डॉक्टर आले. ह्यांनी पाकीट काढलं. मोहोर डोळ्यांजवळ नेली. खिशातून भिंग काढलं.

"ही मोहोर माझी नाही," हे म्हणाले. "हिला चार भोकं आहेत."

अंगणात फक्त कोंबडी बोलत होती.

"नमुन्याशी छेडछाड झालेली आहे. हा नमुना मी वापरू शकत नाही."

"बाबा, कोंबडी करपतेय," लेक म्हणाली.

"करपू दे. बेभरवशाच्या आकड्यावर मी तुला खायला घालणार नाही." आवाज जरा चढला होता, आणि मला कळलं, हा राग मोहोरेचा नव्हता. ह्यांना तो दवाखाना दिसत होता. ह्यांनी चिमटा उचललाच होता. कोंबडी उतरवून केरात टाकायच्या बेतात होते. दोन महिने गेले होते, उद्या पोरगी जाणार होती, आणि सगळं माझ्या कोटाच्या बटणापायी.

एवढ्या लोकांसमोर माझी इज्जत काय राहणार ते मला दिसत होतं. तरी उठले. "मी फोडलं," म्हटलं. "केकसाठी."

इमारतीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यातल्या निम्म्या हसत होत्या.

"केकमध्ये घातलास?" हे म्हणाले. "भट्टीत?"

"हो. पाऊण तास. मग साबणाने धुतला. मग हातातून एकदा पडला. दोनदा."

"किती आला आकडा?"

"अठ्ठ्याण्णव. आणि केक झाला. बघा तिकडे, विहीर नाहीये."

ह्यांनी केककडे बघितलं. जवळ जाऊन मधोमध बोटाने हलकेच दाबलं. केक खचला नाही. मग ह्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, जे मी लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

"प्रत्यक्ष वापराची चाचणी!" हे म्हणाले. "मास्तर, तेवढीच राहिली होती! आणि कलम सातसुद्धा पूर्ण झालं की!"

अपमान झाला की बढती मिळाली, हेच मला कळेना.

ह्यांनी पाकीट टराटरा फाडलं. सळई कोंबडीच्या मांडीत घातली. मुळापर्यंत, हाडाला न लावता, हात हलका. "एकसष्ट," मास्तर मोठ्याने वाचायला लागले. "सहासष्ट. सत्तर." सगळे खुर्च्यांवरून उठून शेगडीभोवती जमले होते. "बहात्तर. त्र्याहत्तर." डॉक्टरांनी स्वतःचा जबडा घट्ट धरला होता. "चौऱ्याहत्तर!"

हे हलले नाहीत. सळई काढून दुसऱ्या मांडीत घातली. मग छातीत. तिन्ही ठिकाणी चौऱ्याहत्तरच्या वर आकडा गेल्यावर कोंबडी उतरवली, दहा मिनिटं झाकून ठेवली, कापली आणि पहिला तुकडा लेकीच्या ताटात वाढला. मग शेगडीकडे तोंड करून उभे राहिले. कोळसे नीट करत होते म्हणे. कोळसे अगदी नीट होते.

लेकीने सवयीने सुरी उचलली. तुकड्यापर्यंत नेलीसुद्धा. मग तिचं लक्ष बापाच्या पाठीकडे गेलं. ॲप्रनची गाठ सुटलेली, मानेवर घाम. मला वाटतं तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं की आपण रोज काय करत आलो. तिने सुरी खाली ठेवली. तुकडा हाताने उचलला आणि चांगला मोठा घास घेतला. चावला. गिळला. आणि मला चक्क ऐकू आलं, ती म्हणाली, "हं." लहानपणी दूध आवडलं की म्हणायची तसं.

हे वळले. ताटातली सुरी कोरडी होती, ती ह्यांनी बघितली. खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. वापरणाऱ्याचा शेरा. प्रत्येक मालाबरोबर तो घ्यावाच लागतो.

"बाबा, आत्ता? माझी बोटं तेलकट आहेत."

"चालेल."

तिने ह्यांच्या कानावरची पेन्सिल ओढून घेतली, कागद मांडीवर ठेवला आणि लिहिलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. मग मला दाखवलं. तिचं अक्षर बापावर गेलंय, टोकदार.

'तुकडा तपासला नाही. तपासण्याची गरज वाटली नाही. आणखी एक मिळावा.'

ह्यांनी चष्मा काढून पुसला. धूर फार होता. मग त्याच पेन्सिलीने खाली 'मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख घातली, आणि पातेल्यातला सगळ्यात मोठा तुकडा शोधून तिच्या ताटात ठेवला.